खाचेतलं कुंकू

ती घटना आठवली की आजही माझा जळफळाट होतो. पोलीस खात्यात उभी हयात गेली. खून, दरोडे, अपहरणं असं सगळं हाताखालून गेलं आणि निवृत्तीच्या दिवशी ते मी ठाण्यातच ठेवून आलो. पण ही एक केस काही सुटत नाही. हिची नोंद कुठल्याही रजिस्टरला नाही. तपास केला तेव्हा माझ्या अंगावर वर्दी नव्हती आणि पायात मुलीने आणून दिलेले गमबूट होते. केस मी उलगडली आणि नुकसानही माझंच झालं.

प्रकार अमेरिकेतला, सिएटलजवळच्या बॉथेलचा. निवृत्तीनंतर मी आणि माझी पत्नी मुलीकडे राहायला गेलो. तिथे जाण्यात माझा एक छुपा स्वार्थ होता. माझा शाळेतला जिवलग मित्र त्याच गावात, मुलीच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहत होता. कराडच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे मी फौजदार झालो, तो इंजिनिअर होऊन अमेरिकेत गेला. नावं इथे कोणाचीच घेत नाही. तिथली मराठी पोरं त्याला चाकूकाका म्हणतात, तेच नाव आपण चालवू.

चाकूकाकाला जुने अमेरिकन चाकू जमवण्याचा नाद. खिशात मावणारे, मिटणारे, दोन-तीन पात्यांचे चाकू. पूर्वी तिथल्या शेतकऱ्यांच्या, मेकॅनिकांच्या, शाळकरी पोरांच्यासुद्धा खिशात असे चाकू असायचे. त्यांचे कितीतरी कारखाने होते, आता बहुतेक बंद पडले. माझ्या मित्राने गॅरेजमध्ये हिरवी लोकर घातलेले ड्रॉवर करून घेतले होते आणि त्यात हे चाकू ओळीने झोपवले होते.

मी आयुष्यभर चाकू जप्त केले. पंचनाम्यात आम्ही 'एक धारदार लोखंडी चाकू, लाकडी मुठीचा' एवढं लिहून मोकळे व्हायचो. हे सांगितलं तेव्हा तो कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे फौजदार, मूठ लाकडाची होती की हाडाची, एवढं तरी बघायचंस! केवढी हिस्ट्री सीलबंद करून मालखान्यात टाकलीस तू!"

मग त्याने मला शिकवायला घेतलं. चाकू हातात आला की आधी पात्याचं मूळ बघायचं. पातं मुठीत जिथे शिरतं तिथे कारखान्याचा शिक्का असतो. कारखाने दर काही वर्षांनी शिक्का बदलायचे, त्यामुळे जाणकाराला त्यावरून चाकूचं वय कळतं. पण नुसत्या शिक्क्यावर विश्वास ठेवायचा नाही. शिक्का झिजलेला आणि पातं मात्र नवंकोरं, किंवा उलट, असं दिसलं की काहीतरी जुळवाजुळव केलेली आहे असं समजायचं. हाडाच्या मुठीवर हाताने कोरलेल्या खाचा आणि मशीनने पाडलेल्या खाचा वेगळ्या. सेल्युलॉइडच्या, म्हणजे जुन्या प्लास्टिकच्या मुठीचे चाकू वेगळ्या ड्रॉवरमध्ये, कारण ते कुजायला लागले की त्यांच्यातून वायू सुटतो आणि शेजारच्या चांगल्या चाकूंना गंज चढतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुना चाकू घासूनपुसून चकचकीत करायचा नाही. त्याच्यावर जे काळ चढवतो ते तसंच ठेवायचं.

शेवटी चाल आणि बोली. हे शब्द त्याचे. पातं उघडताना न अडखळता, एका दमात उघडतं ती चाल. मिटताना शेवटी 'टक्' करून बसतं ती बोली. "प्रत्येक चाकूची बोली वेगळी," तो म्हणायचा. मी तिथे गेल्यापासूनच्या दोन वर्षांत त्याची नजर फार अधू झाली होती, म्हणून तो चाकू कानाशी धरून मिटायचा. मला सगळे टक् सारखेच ऐकू यायचे.

आता ज्याच्यामुळे हे सगळं लिहितो आहे त्याच्याकडे येतो. तो रेडमंडला राहायचा, म्हणून त्याला रेडमंडकर म्हणू. सॉफ्टवेअर कंपनीतून निवृत्त झालेला, माझ्याच वयाचा, केस माझ्यापेक्षा जास्त. त्यालाही चाकूंचाच नाद. तो आणि चाकूकाका तीसेक वर्षं गाडी काढून गावोगावच्या चाकूंच्या प्रदर्शनांना जात होते. दर शनिवारी सकाळी तो गॅरेजमध्ये हजर. दोघं भिंगातून एखाद्या शिक्क्यावर ओणवायचे, आणि मी भिंतीला खुर्ची टेकवून चहा पीत बसायचो. ते मध्येच एखाद्या जुन्या प्रवासातली गोष्ट काढून हसत सुटायचे. मी विचारलं तर रेडमंडकर म्हणायचा, "जाऊ दे यार, तुम्हांला संदर्भ नाही लागणार."

संदर्भ नाही लागणार! चाकूकाकाच्या बाराखडीपासूनचे संदर्भ मला माहीत. त्याला गणिताच्या मास्तरांनी वर्गाबाहेर काढलं तेव्हा मी आपणहून बाहेर गेलो होतो. पण माझ्या वाट्याला शाळेची दहा वर्षं आली आणि पुढचं सगळं आयुष्य या माणसाने वापरलं, हे माझ्या मनात सलत होतं. मी ते लपवलंही नाही. रेडमंडकर आला की माझी पत्नी माझ्याकडे बघून नुसती हसायची.

चाकूकाकाच्या संग्रहात एक चाकू ड्रॉवरमध्ये कधीच नसायचा. तो त्याच्या खिशात असायचा. तीन पात्यांचा, तपकिरी हाडाच्या मुठीचा. तो अमेरिकेत पहिल्या नोकरीला लागला तेव्हा कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने निवृत्त होताना त्याला दिला होता. परक्या देशात त्याला मिळालेली ती पहिली भेट, आणि सगळ्या नादाची सुरुवातही तीच.

खंडेनवमीला वहिनी, म्हणजे त्याची बायको, त्या चाकूची पूजा करायची. पाटावर घरातली विळी, गाडीची किल्ली, त्याची हत्यारांची पेटी आणि मधोमध हा चाकू. हळदकुंकू, फूल, अक्षता. चाकूकाका दरवर्षी कुरकुरायचा की ओल्या हळदीने पोलादाची वाट लागते, आणि वहिनी दरवर्षी आणखी एक बोट कुंकू लावायची. त्या वर्षी त्याला नीट दिसत नव्हतं म्हणून दुसऱ्या दिवशी चाकू पुसायचं काम त्याने मला दिलं.

हे काम मला चांगलं येतं. आमच्या ठाण्यात खंडेनवमीला शस्त्रपूजन व्हायचं. रायफली मांडायच्या, हार घालायचे, साहेब नारळ फोडायचे, पेढे वाटायचे. दुसऱ्या दिवशी एकेक रायफल पुसायला बसलं की कळायचं, कुंकू कुठे कुठे शिरतं ते. वरून पुसलं की जातं, पण जोडात आणि सांध्यात शिरलेलं वर्षानुवर्षं निघत नाही. मी काडीला कापूस गुंडाळला, तेलात बुडवला आणि चाकूची पाती ज्या अरुंद खाचेत मिटतात तिच्यात घातला. कापूस काळपट लाल होऊन बाहेर आला. दुसरा घातला, तोही लाल. "किती वर्षांचं कुंकू आहे रे हे?" मी विचारलं. "माझ्या लग्नाइतकं जुनं," तो म्हणाला. "राहू दे. जास्त खरवडू नकोस."

दिवाळीत त्याच्या घरी फराळाला आसपासची बरीच मराठी मंडळी जमली होती. मित्राने झब्बा घातला होता. झब्ब्याला खिसा नव्हता, म्हणून चाकू गॅरेजमधल्या टेबलावर राहिला. रेडमंडकर होता, मी होतो, पोरंटोरं होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चाकू उघडला, मिटला, आणि बायकोला म्हणाला, "हा माझा नाही."

वहिनीने पाहिलं. तीच हाडाची मूठ, तीच तीन पाती, तोच शिक्का. ती म्हणाली, "अहो, तुमचाच आहे." तो म्हणाला, "हा वेगळं बोलतोय. पातंसुद्धा बोटाला केसभर जाड लागतंय." असं तो दोन आठवडे म्हणत राहिला. जेवताना म्हणायचा, झोपेतून उठून म्हणायचा.

एका दुपारी वहिनी भर पावसात माझ्याकडे आली. आमच्या भाषेत सांगायचं तर खबर आली. तिच्या हातात तो चाकू रुमालात गुंडाळलेला होता.

"भाऊजी, मुलाचा फोन आला होता," ती म्हणाली. मुलगा कॅलिफोर्नियात सनीव्हेलला असतो, अमेरिकेतच जन्मलेला. "तो म्हणतो, बाबांचं डोकं आता साथ देत नाही. मेमरी टेस्टची अपॉइंटमेंट घेतली आहे. आणि म्हणतो, घरात एवढे चाकू ठेवणं सेफ नाही, ते सगळे विकून टाकू, घर विकू, तुम्ही दोघं इकडे या." तिचे डोळे भरून आले. "ह्यांना खरंच भास होतायत का हो? तुम्ही पोलीस आहात. एकदा बघा ना."

मी चाकू हातात घेतला. माझ्या मित्राच्या शहाणपणाचा निकाल त्या चाकूवर लागणार होता. तो खोटा ठरला तर त्याला वेडा म्हणून नेणार, आणि आयुष्याच्या शेवटी मला पुन्हा सापडलेला माझा मित्र पुन्हा निघून जाणार. मी आत पत्नीला हाक मारली, "थोडा कापूस आणि तेल आण."

काडी खाचेत घातली. कापूस काळा निघाला. दुसरा घातला, तोही काळा. तिन्ही पात्यांच्या खाचा तपासल्या. तेल होतं, धूळ होती, कुणाच्या तरी खिशातले धागे होते, पण कुंकवाचा कण नव्हता. वहिनीने एकेक कापूस उचलून पाहिला. "मी दरवर्षी लावते हो," ती म्हणाली. "एक वर्ष चुकलं नाही."

मी तिथूनच मुलाला व्हिडिओ कॉल लावला. काडी दाखवली, खंडेनवमी सांगितली, रायफली सांगितल्या. त्याने शांतपणे ऐकलं. चांगला मुलगा आहे. म्हणाला, "काका, आय रिस्पेक्ट इट. पण आई एखाद वर्षी विसरली असेल, किंवा कुंकू वॉश आउट झालं असेल. इफ देअर इज अनदर नाइफ, मग तो दाखवा ना. अपॉइंटमेंट मी तोपर्यंत कॅन्सल नाही करणार." मला राग आला, पण त्याचं म्हणणं बरोबर होतं. मुद्देमाल सापडल्याशिवाय केस उभी राहत नाही, हे मीच कित्येक शिकाऊ फौजदारांना सांगितलं आहे.

मी मित्राकडे गेलो. त्याला त्याचाच चाकू म्हणून नव्हे, अनोळखी चाकू म्हणून हा तपासायला सांगितला. त्याने भिंग लावलं, बोट फिरवलं, कानाशी धरला. बराच वेळ लावला. "कारखाना तोच, काळ तोच," तो म्हणाला. "हाडाचा रंगसुद्धा जवळजवळ तोच. पण पाती कमी झिजली आहेत. फौजदार, बाजारात हा माझ्या चाकूपेक्षा महाग जाईल."

मी तिथेच थांबलो. चोराने नेलं त्यापेक्षा भारी ठेवलं, असा गुन्हा माझ्या हाताखालून कधी गेला नव्हता. लोभी माणूस असं करत नाही. आणि मेकॅनिकने दिलेल्या चाकूची इतकी सही सही जोड शोधायला माणूस या विषयातला पोचलेला हवा. फराळाला आलेल्यांत असा एकच होता.

खरं सांगतो, माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मला चोर म्हणून रेडमंडकरच हवा होता. खात्यात मी नेहमी सांगायचो, एखादा संशयित फार आवडायला लागला की आधी चहा प्या. म्हणून मी घरी येऊन चहा प्यायलो आणि दुसरं कोणी असू शकतं का याचा प्रामाणिकपणे विचार केला. नाइलाजाने केला. फराळाला आलेल्या बाकीच्यांना दाढीचं ब्लेड आणि चाकू यांतला फरकही धड सांगता आला नसता.

दोन दिवसांनी मुलीने मला ऑफिसला जाताना रेडमंडकराच्या अपार्टमेंटवर सोडलं. वहिनीने दिलेला चकलीचा डबा माझ्या हातात होता. डबा खोक्यात घालून त्याला चारी बाजूंनी चिकटपट्टी मीच गुंडाळली होती, भरपूर. माझ्या पत्नीने विचारलं होतं, एवढी कशाला? मी सांगितलं नव्हतं.

चौकशीला बसलं की पहिला प्रश्न विचारायचा नाही, समोरच्याला त्याच्या विषयावर बोलू द्यायचं. मी रेडमंडकराला म्हटलं, "मला शिकवा. चाकूकाकासमोर लाज वाटते." तो सुखावला. कपाटं उघडली, ट्रे काढले. शिक्के दाखवले, नकली शिक्के कसे ओळखायचे ते सांगितलं. माणूस खरोखर जाणकार होता, आणि ते बघून मला आणखीच पोटात दुखत होतं. तीन पात्यांच्या चाकूंच्या ट्रेमध्ये एक जागा रिकामी होती. लोकरीवर चाकूच्या आकाराचा ठसा उमटला होता. मी तो बघून ठेवला.

मग मी खोकं पुढे केलं. "वहिनींनी चकल्या दिल्यात. उघडा की."

माणूस चाकूवाला. चिकटपट्टी दिसली की त्याचा हात आपोआप खिशात जातो, हे मी गॅरेजमध्ये पन्नासदा पाहिलं होतं. रेडमंडकराचा हात उजव्या खिशात गेला. आणि आतच थांबला. मग तो हात रिकामा बाहेर आला. तो उठला, स्वयंपाकघरात गेला, एक ड्रॉवर उघडला, दुसरा उघडला, आणि कात्री घेऊन आला.

घरात शेकडो चाकू असलेला माणूस खोकं उघडायला कात्री शोधत होता. मी कात्री त्याच्या हातून घेतली आणि बाजूला ठेवली.

"खिशातला काढा," मी म्हणालो. आवाज माझा जुनाच निघाला, ठाण्यातला.

तो उभाच राहिला. बाहेर पाऊस पडत होता, खाली बस थांबल्याचा आवाज आला. त्याने आधी हसायचा प्रयत्न केला. "काय यार, इन्स्पेक्टर..."

"त्याला वेडा ठरवायला निघालेत," मी म्हणालो. "मेमरी टेस्टची तारीख ठरली आहे. घर विकणार आहेत. तो सनीव्हेलला जाणार आहे. तुम्हांला माहीत आहे हे?"

त्याला माहीत नव्हतं. तोंडावरचा रंगच उतरला त्याचा. तो खुर्चीत बसला आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "हे तुझ्यामुळे झालं."

मी त्याला तोवर अहोजाहो करत होतो. तो एकदम अरेतुरेवर आला होता.

"फराळाला येताना मी माझा चाकू खिशात घालून आणला होता," तो म्हणाला. "वर्षानुवर्षं शोधत होतो, त्याच्या चाकूची जोड. शेवटी ह्या समरमध्ये एका म्हाताऱ्याकडे मिळाली. म्हटलं, सरप्राइज देऊ, दोन्ही शेजारी ठेवू, त्याला ओळखायला लावू. गॅरेजमध्ये गेलो तर तो मलाच विचारतो, माझा खिशातला चाकू मी फौजदाराला देऊन टाकू का? तुला, ऐकतोयस? तुला! ज्याला बोन आणि प्लास्टिक कळत नाही. मी विचारलं, का? तर म्हणतो, शाळेत माझ्या पेन्सिलींना टोकं तोच काढून द्यायचा." त्याने टेबलावर हात आपटला. "पेन्सिलींना टोकं! त्याच्या हार्टचं ऑपरेशन झालं तेव्हा हॉस्पिटलच्या खुर्चीत मी झोपलो होतो. त्याला दिसेनासं झालं तेव्हापासून प्रत्येक शोला मी ड्राइव्ह करतो. आणि तू दोन वर्षांपूर्वी आलास, भिंतीला खुर्ची लावून बसलास, आणि तुला बालपण आहे म्हणून सगळं तुझं?"

दोन वर्षं मी या माणसावर जळत होतो, आणि हा माझ्यावर जळत होता, आणि माझ्यापेक्षा जास्त जळत होता. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला लाज वगैरे वाटली नाही. मला आनंद झाला. माझ्याकडेही कोणाला हेवा वाटावं असं काही होतं, आणि तो चाकू माझ्या नावावर होता, हे मला त्या जबाबात पहिल्यांदा कळलं.

"मला वाटलं, त्याला दिसत नाही, कळणार नाही," रेडमंडकर म्हणाला. "तुला जाईल तो माझा जाईल. चांगलाच आहे तो, जास्त चांगला. फक्त तो नको जायला."

मी हात पुढे केला. त्याने खिशातून चाकू काढला. पण माझ्या हातावर न ठेवता त्याने तो टेबलावर ठेवला आणि बोटाने माझ्याकडे सरकवला.

तुमच्याआमच्या घरात सुरी कोणी हातात देत नाही. खाली ठेवायची आणि दुसऱ्याने उचलायची, नाहीतर भांडण होतं असं म्हणतात. चोरीचा माल परत करतानाही त्याने ते पाळलं होतं. मी मुद्देमाल खूप जणांकडून घेतला, पण भांडण होऊ नये म्हणून काळजी घेणारा हा पहिलाच.

काडी आणि कापूस मी बरोबर नेले होते. कापूस लाल निघाला. रेडमंडकराने विचारलं, हे काय? मी खंडेनवमीचं सांगितलं. तो कपाळावर हात मारून म्हणाला, "वॉश करायचा विचार आला होता. पण जुना चाकू धुवायचा नसतो ना."

त्याच्याच गाडीतून आम्ही बॉथेलला आलो. वाटेत तो एकच वाक्य बोलला, "तू सांग त्याला." मी म्हणालो, "जबाब ज्याचा त्याने द्यायचा."

गॅरेजमध्ये चाकूकाका एकटाच बसला होता. रेडमंडकराने खरा चाकू त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. त्याने उचलला, उघडला, कानाशी नेऊन मिटला. टक्. पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. मग डोळे मिटून तसाच बसला आणि त्याच्या गालांवरून पाणी ओघळलं. "मी वेडा नाही," तो म्हणाला. एवढंच म्हणाला. दोन आठवड्यांत त्याला किती भीती वाटली होती हे मला तेव्हा कळलं. वहिनी दारात उभी होती, तिने तिथूनच मुलाला फोन लावला, दोन्ही चाकू दाखवले, दोन्ही कापूस दाखवले. मुलगा म्हणाला, "आय अ‍ॅम सॉरी, बाबा. कॅन्सल करतो."

रेडमंडकराने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, माझ्याबद्दलचंही नाही. मी तयारीत बसलो होतो. आता मित्र त्याला घराबाहेर काढेल, आणि शनिवारी गॅरेजमध्ये दोनच खुर्च्या लागतील, अशी माझी खात्री होती.

चाकूकाका हसायला लागला. डोळे पुसत पुसत हसायला लागला. "तुम्ही दोघंही सेल्युलॉइड आहात रे," तो म्हणाला. "तुम्हांला एका ड्रॉवरमध्ये ठेवणं ही माझीच चूक."

मग त्याने दोन्ही चाकू हातात घेतले, चाचपले आणि एकेक टेबलावर ठेवला. भारी चाकू माझ्यासमोर. मेकॅनिकचा रेडमंडकरासमोर.

मला वाटलं, दिसत नसल्यामुळे उलटे ठेवले. मी म्हणालो, "अरे, अदलाबदल झाली."

"नाही झाली," तो म्हणाला. "फौजदार, तुला दिला असता तर तू ठेवला असतास. नीट ठेवला असतास, मला माहीत आहे. पण ह्याने तो हवा म्हणून आपल्याकडचा सगळ्यात चांगला चाकू सोडला. एवढा हवासा तुला तो कधी वाटला होता, सांग." रेडमंडकर रडत होता. त्याने चाकू उचलला नाही, नुसता त्यावर हात ठेवून बसला.

या केसने मला काय शिकवलं, असं तिकडच्या मराठी मंडळात एकदा कोणीतरी विचारलं होतं. मी तेव्हा काहीतरी छान बोललो. खरं उत्तर असं की मत्सरी माणसाला मत्सरी माणूसच पकडू शकतो, कारण त्याचा हात कुठे जाऊन थांबेल हे त्याला आधीच माहीत असतं. आणि दुसरं, पोलिसाचं काम मुद्देमाल मालकाला परत मिळवून देण्यापर्यंतचं. मालक पुढे तो कोणाला देतो, यात आपलं काही चालत नाही. हे कलम मी नोकरीत असताना सहज पाळलं, या एका वेळी मात्र फार जड गेलं.

शनिवारी आम्ही अजून जमतो. रेडमंडकर आता मला संदर्भ समजावून सांगतो, आणि त्याचा मला जास्तच राग येतो. तो खिशातून तो चाकू काढतो, चकलीच्या पाकिटाची पट्टी कापतो, मिटतो, आणि मला त्याचा टक् आता बरोबर ओळखू येतो.

माझा चाकू मुलीच्या घरी देवघरात असतो. कोणी जाणकार येतो तेव्हा भिंग लावून म्हणतो, काका, हा तर फार दुर्मीळ आहे. खंडेनवमीला मी स्वतः त्याला हळदकुंकू लावतो, जरा सढळ हाताने लावतो. परवा दसरा झाल्यावर पुसायला घेतला. काडीला कापूस गुंडाळला, तेलात बुडवला, खाचेत घातला आणि खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. जेमतेम गुलाबी झाला होता.